शिट्टीची दोरी

कानिफनाथ माझा नवरा. व्हय, मी नवऱ्याचं नाव घेते. उखाण्यात न्हाई, सरळ तोंडानं घेते. घरात नवी सून आली की आधी पदराआड हसती, मंग हळूच इचारती, "झुंबरआजी, तुमची जीभ कशी वळती वो?" वळती बाई. पयल्यांदा वळली ती भर पारावर, अख्ख्या गावाम्होरं वळली. त्येच्यामागं येक जीप हुती, जीपला येक शिट्टी हुती, आन त्या शिट्टीची दोरी माझ्या हातात हुती.

बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला हुता. दुष्काळात आमच्या शिवारात बोर पाडायला येक आडदांड मशीन आल्तं. त्ये इतकं खोल गेलं, इतकं खोल गेलं, की खालनं कुनीतरी "कोन हाय रं वर?" म्हनून वराडलं म्हनत्यात. मी न्हाई ऐकलं, पन माझ्या सासूनं, बनुबाईनं, सवताच्या कानानं ऐकलं. पानी काय लागलं न्हाई. मशीन मोडलं, मालक त्येचं इंजन आमच्या बांधाला टाकून निघून गेला. त्येच्यावर कोंबड्या बसायच्या.

आन आमच्या दारात हुती जीप. कानिफनाथानं नगरला मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. पेट्रोल परवडना म्हनून तिच्यात डिझेलचं जुनं इंजन बसवलं हुतं. सपाटीला बरी चालायची, पन चढ आला की आमी समदे उतरून ढकलायचो. नेवाशाहून श्रीरामपूरच्या बाजाराला जायचं तर तिच्यात बसून कमी आन तिच्यामागं चालून जास्त, आसा परवास. लोक म्हनायचे, कानिफनाथानं जीप घेतली न्हाई, म्हस घेतली, आन तीबी भाकड.

कानिफनाथाचा येक दोस्त हुता, सूर्यभान मिस्त्री. श्रीरामपूरला गॅरेजात काम करायचा. दोघं येका ताटात जेवनारे. सूर्यभान येकदा जेवायला आला, बांधाला हात धुवाया गेला आन कोंबड्या हाकलून त्या मोडक्या इंजनाकडं बगत उभाच ऱ्हायला.

"कानिफ," म्हनला, "आरं ह्येच्यावर टर्बो हाय!"

"त्यो काय आस्तो?"

मंग त्येनं समजावलं. मी दारातनं ऐकत हुते. इंजनाचा धूर जिथनं भाईर पडतो, तिथं येक भिंगरी. धूर त्या भिंगरीला फिरवतो. तिच्याच दांडीला दुसऱ्या अंगाला आनखी येक भिंगरी. ती भाईरची हवा वढती आन दाबून दाबून इंजनाच्या घशात कोंबती. जितकी हवा कोंबशील तितकं डिझेल जळंल, जितकं डिझेल जळंल तितका जोर. म्हंजी फुकट जानाऱ्या धुराकडनंच काम करून घ्यायचं. मला लई आवडलं त्ये. म्हनलं, ह्ये तर आमच्या सासूसारखंच झालं, तिच्याबी घरात धूरसुदिक फुकट जात न्हाई.

त्या दोघांनी ती भिंगरी जीपला बसवली. कशी बसवली त्ये देवाला ठावं. पन पयल्या दिवशी काय फरक पडना. जीप चढाला आली, हुंकारली, थांबली. आमी सवयीनं खाली उतरलो.

सूर्यभान मागं जाऊन वाकला. "धुराचं नळकांडं बारीक हाय. धूर गुदमारतोय. भिंगरी फिरनार कशी? मोठं नळकांडं पायजे."

मोठं म्हनल्यावर कानिफनाथानं कुठनं तरी भंगारातनं आसला पायप आनला, की आमची मांजर त्येच्यात व्याली. खरंच सांगते! चार पिलं. कुनाला ठावंच न्हाई. सकाळी जीप चालू केली आन भिंगरीनं आसा सूर धरला, आसा सूर धरला, की चारीबी पिलं मागनं भुर्रकन उडाली आन वसरीवर दळत बसलेल्या सासूच्या वटीत जाऊन पडली. येकालाबी खरचाटलं न्हाई. फकस्त चारी काळी झाली. आमच्या गावातली समदी काळी मांजरं त्या खानदानातली.

त्या दिवशी जीप चढाला आली आन आमी उतरायच्या आत वर पोचली. बसलेले लोक येकमेकाकडं बगाया लागले. येक म्हातारा तर घाबरून म्हनला, "आरं, ढकलायचं ऱ्हायलं की!"

पन जोर आला आन त्येच्यासंगट भ्याबी आलं. मोकळ्या नळकांड्यानं धूर मोकळा झाला, भिंगरी येडी झाली. हवा कोंबायची ती किती कोंबायची ह्येला लगामच न्हाई. चार रोजात इंजनाच्या डोक्याखालचं पॅकिंग फाटलं. नवं टाकलं, त्येबी फाटलं. सूर्यभान डोकं धरून बसला.

"हवेचा दाब आवरला न्हाई तर येक दिस पिस्टन फुटंल," म्हनला. "जीपच जाईल मंग."

म्हनून त्येनं हवेच्या पायपाला येक भोक पाडून तिथं झाकनी बसवली. झाकनीवर स्प्रिंग. दाब वाढला की झाकनी उचलून जास्तीची हवा भाईर जायची, आन जाताना शिट्टी वाजायची. पन स्प्रिंग जुनी, इमानी न्हाई. कवा उघडायची, कवा रुसून बसायची. मंग सूर्यभाननं झाकनीला दोरी बांधली आन ती बानेटच्या फटीतनं आत घेतली. बाजूला येक घड्याळ बसवलं, हवेचा दाब दावनारं.

"कानिफ, काटा इथवर आला की दोरी वढायची. हवा सोडायची. ह्येच्या म्होरं जाऊ द्यायचा न्हाई."

"मी रस्ता बगू का काटा बगू?" कानिफनाथ वैतागला. "गियर टाकू का दोरी वढू?"

तवा मी दारातनं बोलले. नव्यानं लगीन झालेली न्हवते, पन बापयांच्या बोलन्यात तोंड घालायची रीतबी न्हवती. तरी बोलले. "मी धरते की दोरी."

माझा बाप गुळव्या हुता. गुऱ्हाळावर काहिलीतला रस कवा उतू जानार, कवा चाटू फिरवायचा, कवा जाळ वढायचा, ह्ये मी पोरवयापासनं बगत आल्ते. उकळी आवरायची कशी, ह्ये माझ्या डोळ्यालाच ठावं हुतं. काटा म्हंजी तरी काय, उकळीच की!

सासू कडाडली, "सुनंनं म्होरल्या शिटावर बसायचं? लोक श्यान घालतील तोंडात!"

सूर्यभान म्हनला, "मावशी, इंजन फुटलं तर मागल्या शिटावरबी कुनी बसनार न्हाई."

मंग सासूचं काय चाललं न्हाई. सूर्यभाननं इचारलं, "वैनी, काचंवर रेघ कशानं वढू? रंग न्हाई माझ्याकडं." मी माझा कुंकवाचा करंडा दिला. त्येनं मेनात बोट बुडवून, कुंकू घिऊन, घड्याळाच्या काचंवर येक बारीक रेघ वढली. काटा कुंकवापातूर आला की दोरी. आसा नेम ठरला.

बाया, काय सांगू तुमाला त्ये दिस! डोईवर पदर, मांडीवर दोरी, डोळा काट्यावर. कानिफनाथ चढाला गाडी घालायचा, भिंगरी गायला लागायची, काटा चढायचा, चढायचा, कुंकवाला टेकायचा, आन मी वढायचे. फुईईई! शिट्टी आसली वाजायची की वाटंवरची बैलं गाड्यासकट मुजरा करायची. नेवाशाच्या बाजारात शिट्टी वाजवली तर श्रीरामपूरच्या टेसनावर गाडी सुटायची. टेसनमास्तर म्हनं आमच्यावर तक्रार करनार हुता. पन त्या दिसांत येकदाबी पॅकिंग फाटलं न्हाई. चढ वळखून मी आधीच दोरी तानायचे, आन कानिफनाथ माझ्याकडं न बगता म्हनायचा, "सोड." मी सोडायचे. मी म्हनायचे, "अहो, आता दाबा." त्यो दाबायचा. लग्नाला इतकी वरसं झाली हुती, पन आमी दोघं मिळून येक काम करतोय आसं पयल्यांदाच झालं. मला वाटायचं, जन्माचा चढ आसाच काढू.

पन गावाची तोंडं गप बसत्यात व्हय?

सहादेव म्हनून शेजारच्या गावचा बागाईतदार हुता. त्येची काळी मोटार, काचंसारखी घासलेली. आमची जीप चढाला फुडं जाया लागली तसं त्येच्या पोटात दुखाया लागलं. येक दिस बाजारात चारचौघात म्हनला, "काय कानिफनाथराव, गाडी झकास पळवता. पन लगाम वैनींच्या हातात दिसतोय!"

समदे हासले. मीबी हासले. मला वाटलं चांगलंच बोलला.

कानिफनाथ हासला न्हाई. घरी येताना चढ लागला. काटा कुंकवाला लागला, मी दोरी वढली, शिट्टी वाजली, तसा म्हनला, "जरा हळू वाजव की. गावाला दवंडी द्यायची हाय का, बायको गाडी चालवती म्हनून?"

"अहो, शिट्टी काय हळू आन जोरात वाजती व्हय?"

त्येनं रागानं गियर टाकला. मंग रोजच ह्ये चालू झालं. पारावर गेला की कुनीतरी तोंडानं शिट्टी वाजवायचं. कुनी आपल्या करगोट्याला दोरी बांधून दुसऱ्याच्या हातात द्यायचं. कानिफनाथ अर्ध्या भाकरीवरनं उठायचा.

नवरात्र बसायच्या आदल्या बाजारी सहादेवनं पैजच लावली. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की इमामपूरच्या घाटाच्या पायथ्यापासनं दोन्ही गाड्या सोडायच्या. घाटमाथ्यावरच्या हाटेलापाशी जो आधी पोचंल त्यो जिंकला. हरनाऱ्यानं जिंकनाऱ्याच्या गाडीवर सवताच्या हातानं आपट्याचं सोनं वाहायचं, आन पारावर समद्यांम्होरं त्येच्या पाया पडायचं.

"मान्य," कानिफनाथ म्हनला.

"पन वैनींना आनू नका," सहादेव म्हनला. "न्हाईतर लोक म्हनतील सहादेव बाईकडनं हारला!"

पुन्यांदा समदे हासले. सूर्यभानबी हासला तवा. कानिफनाथ सूर्यभानकडं बगतच ऱ्हायला.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा आस्ती. नांगर, कुऱ्हाड, विळा, पाभर, समदं धुऊन मांडायचं. जीपबी धुतली. मी बानेट उघडून भिंगरीला हळद-कुंकू लावलं, शिट्टीला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. शिट्टीच्या भोकाला बोटसुदिक लागू दिलं न्हाई, मलाच ठावं त्ये काय काम करतं. पूजा झाल्यावर इंजन चालू करून कानिफनाथानंच म्हनलं, "वढ बगू." मी वढली. फुईईई! झक्क वाजली. सासूनं दचकून नारळ आपल्याच पायावर फोडला.

दुपारी कानिफनाथ जीप घिऊन गेला. "डिझेल भरून येतो," म्हनला. दिस कलायला परत आला तवा त्येच्या उजव्या हाताची दोन बोटं आन सदऱ्याची बाही शेंदरानं लाल.

"अहो, ह्ये काय?"

त्येनं हात मागं घेतला. मंग हासला. किती दिसांनी हासला हुता!

"मारुतीला शेंदूर चढवून आलो," म्हनला. "नवस बोललो. उद्या तुझ्या शिट्टीला यश दे म्हनलं."

तुझ्या शिट्टीला. आसं म्हनला त्यो.

तुमी हासाल, पन माझ्या डोळ्याला पानी आलं. बाईमानसानं मारुतीला शिवायचं न्हाई, शेंदराला हात लावायचा न्हाई, आशी आमच्याकडची रीत. म्हनून माझ्या वाटचा नवस ह्येनं फेडला, आसं मला वाटलं. मी त्येचा सदरा भिजत घातला, घासून घासून हाताची सालटं निघाली. जवसाच्या तेलातला शेंदूर, निघतोय व्हय? तरी घासला. आन दुसऱ्या दिवशीच्या पुरनाची डाळ वाईच जास्तच भिजवली.

दसऱ्याला घाटाच्या पायथ्याला जत्रा जमल्यावानी मानूस. सहादेव नको म्हनला हुता, पन कानिफनाथानं अडवलं न्हाई, मी म्होरल्या शिटावर बसले. सवयीनं दोरी हातात घेतली, म्हनलं येकदा वढून बगू. कानिफनाथानं माझं मनगट धरलं.

"आज आधी वढू नको. सहादेवला आवाज गेला तर त्यो हुशार हुईल."

मला पटलं. मी दोरी मांडीवर ठिवली.

रुमाल पडला, गाड्या सुटल्या. पयल्या वळनाला सहादेव म्होरं. दुसऱ्या वळनाला आमी त्येच्या बरुबर. माझी नजर काट्यावर. काटा आज लई येगानं चढत हुता. कुंकवाला टेकला. मी दोरी वढली.

शिट्टी न्हाई.

पुन्यांदा वढली. कायबी न्हाई. दोरी दगडाला बांधल्यावानी ताठ. काटा कुंकवाच्या म्होरं गेला. आसा त्यो कवाच गेला न्हवता.

"अहो, शिट्टी उघडना! पाय काढा! काटा म्होरं गेला!"

कानिफनाथानं पाय काढला न्हाई. आमी सहादेवच्या म्होरं गेलो. जीप नुसती उडत हुती. मागं ऱ्हायलेल्या सहादेवचं तोंड मी बगितलं, उघडंच ऱ्हायलं हुतं.

"अहो, फुटंल! पाया पडते, पाय काढा!"

"गप बस," म्हनला. डोळे रस्त्यावर. "जाऊ दे."

त्येनं 'काय झालं' म्हनून इचारलं न्हाई. 'दोरी तुटली का' म्हनून इचारलं न्हाई. नुसतं गप बस. त्येच माझ्या ध्यानात ऱ्हायलं, पन त्येचा अर्थ तवा लागला न्हाई. मी दोन्ही हातानं, पाय रेटून, दोरी वढली. दोरी तुटून माझ्या हातात आली, आन तवाच आभाळ फुटल्यावानी आवाज झाला.

ह्ये मी वाढवून सांगत न्हाई. पिस्टनचा तुकडा उडून येका धनगराच्या घोंगडीत सापडला, त्ये वाढवून सांगते कवाकवा. पन बानेटच्या फटीतनं उकळतं तेल माझ्या हातावर आलं त्ये खरं. ह्यो बगा डाग. कोपरापासनं हितवर. 

जीप थांबली. कानिफनाथ उडी मारून उतरला आन बानेटकडं पळाला. माझ्याकडं न्हाई, बानेटकडं. माझा हात सहादेवनं त्येच्या मोटारीतनं पानी आनून भिजवला. सहादेवनं. ज्येच्या संगट पैज हुती त्येनं. मंग त्यो मोटारीत बसला आन सावकाश, शिट्टी न वाजवता, घाटमाथ्यावर गेला.

घाटमाथ्यावर थांबलेला सूर्यभान आवाज ऐकून पळत खाली आला. त्येनं झाकनी खोलली. आत भोकात लालभडक, दगडासारखा गोळा. त्येनं पेचकसानं टोकरला, बोटावर घेतला, हुंगला. जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर. नळाच्या जोडाला मिस्त्री लोक लावत्यात तसला. वाळला की लोखंडावानी हुतो. काडीनं आत ठासून भरलेला. सूर्यभाननं कानिफनाथाकडं बगितलं. कानिफनाथानं सूर्यभानकडं बगितलं. मी दोघांकडं बगत हुते.

आन माझा नवरा गोळा झालेल्या लोकांकडं वळून म्हनला, "काल हिनं पूजा केली. आडानी बाई! फासला आसंल शेंदूर, भोक बुजलं."

मी तुटलेली दोरी मुठीत आवळली. हात जळत हुता म्हनून न्हाई.

सांजच्याला पारावर समदं गाव. सहादेव त्येची मोटार घिऊन आला, म्हनला, "हं, कानिफनाथराव, सोनं वाहा. पाया पडा."

"मी का पडू?" कानिफनाथ म्हनला. "मी हारलोच न्हाई. मी म्होरं हुतो, समद्यांनी बगितलं. बायकोच्या येडेपनानं गाडी गेली. हार तिची हाय, माझी न्हाई."

सहादेव चेष्टेखोर हुता, पन सरळ मानूस. म्हनला, "मंग वैनींनी भंडारा उचलावा. त्यांनी शेंदूर लावला आसंल तर पैज मोडली. नसंल लावला, तर तुमी पाया पडा."

आमच्याकडं खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली की संपलं. त्येच्यावर कोरट न्हाई. सासूनं देव्हाऱ्यातनं भंडाऱ्याची वाटी आनली. माझ्याकडं न बगता म्होरं धरली.

मी पदर सावरून म्होरं झाले. जळलेल्या हाताला हळदीचा भंडारा झोंबला, तरी मूठ भरून उचलला. म्हनलं, "मी शिट्टीला हळद-कुंकू लावलं. शेंदूर माझ्या हातानं न्हाई."

तवा माझी नजर वर गेली. पार मारुतीचाच. देऊळ समोर. आन मारुतीच्या अंगावर गेल्या वरसाचा शेंदूर, काळा पडलेला, पोपडे निघालेला. गदेवर कोळ्याचं जाळं. काल काय, कैक म्हैन्यांत कुनी शेंदूर चढवला न्हवता.

मी हळूच इचारलं. तरी 'अहो'च म्हनलं बरं का. "अहो, काल तुमी कंच्या मारुतीला शेंदूर चढवला?"

समद्यांच्या माना देवळाकडं वळल्या. कानिफनाथाचीबी वळली. त्येनं कोळ्याचं जाळं बगितलं. बगितलं त्येनं. मला वाटलं, आता बोलंल. आता म्हनंल, झुंबर, चुकलो. लोकांच्या हासन्याला कंटाळलो, येकदा बिनशिट्टीचं, बिनदोरीचं, येकट्यानं जिंकायचं हुतं. आसं म्हनला आसता तर मी तिथंच त्येच्या पाया पडले आसते, जीप गेली तर गेली म्हनले आसते. सूर्यभान पाराच्या कडंला बसला हुता. त्येनं मातीत काडीनं रेघा वढायला चालू केलं. मान वर केली न्हाई.

"मी न्हाई कुठला शेंदूर चढवला," कानिफनाथ म्हनला. "मी डिझेल भरायला गेल्तो. मारुतीचं ही काय बोलती, मला ठावं न्हाई."

"सदऱ्याची बाही मी धुतली वो," मी म्हनलं. "वाळत घातलाय अजून."

"उचल रं बाबा भंडारा तूबी," येक म्हातारा म्हनला. "मिटवून टाका."

त्येनं उचलला.

माझ्या डोळ्याम्होरं उचलला. पिवळी मूठ वर धरली आन म्हनला, "मी शिट्टीला हात लावला न्हाई." खंडोबाचा भंडारा. ज्या भंडाऱ्यानं आमची लग्नातली तळी भरली, त्यो भंडारा. त्येच्या मुठीतनं जरासा खाली सांडला, माझ्या पायावर.

मला रडू आलं न्हाई. माझ्या तोंडातनं त्येचं नाव आलं.

"कानिफनाथ," म्हनलं, "खोटा उचललास."

पारावरचे कावळे उडाले. आता खरंच उडाले का मी म्हनते म्हनून उडाले त्ये जाऊ दे. बाया तोंडावर पदर घिऊन उभ्या. नवऱ्याचं नाव, आन त्येबी आरंतुरं! खोट्या भंडाऱ्यानं कुनाला काय झालं न्हाई, माझ्या त्या येका नावानं समद्या गावाला झालं. सहादेवनं सोनं मागितलं न्हाई. पायबी मागितले न्हाईत. मोटार चालू करून गेला. लोक म्हनाले, दोघांनीबी उचललाय, देव बगून घील. देवाला तरी काय, सवताच्या अंगावरचं जाळं दिसत न्हवतं.

घरी जाताना सासू माझ्या मागं मागं चालत हुती. पांदीत कुनी न्हाई आसं बगून म्हनली, "सुनबाई, मला ठावं हाय. सकाळी जवसाच्या तेलाची बाटली रिकामी दिसली मला."

मी थांबले. "मंग पारावर का न्हाई बोलला, आत्याबाई?"

"ल्योक हाय माझा," ती म्हनली. आन माझ्या म्होरं निघून गेली.

सूर्यभान मातूर पुन्यांदा आमच्याकडं जेवायला आला न्हाई. जीप भंगारात गेली. भिंगरी काढून ठिवली हुती, नातवंडांनी ती फिरवून फिरवून हरवली. तुटलेली दोरी मी ठिवली. लोनच्याच्या बरनीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधायला त्या दोरीइतकी चिवट दोरी न्हाई.

माहेरी गेले न्हाई मी. पोरं झाली, ऊस झाला, घर झालं. समदं झालं. फकस्त 'अहो' झालं न्हाई. "कानिफनाथ, बैल सोड." "कानिफनाथ, च्या निवला." दसऱ्याला आपट्याचं पान त्येच्या हातात द्यायचे आन म्हनायचे, "घे कानिफनाथ, सोनं." आन त्यो सहादेवम्होरं न वाकलेला मानूस, दर वरसाला माझ्याम्होरं मान खाली घालून त्ये पान घ्यायचा. पयल्यांदा गाव हासलं. मंग गावाला सवय झाली. त्येला झाली न्हाई, हाक मारली की डोळ्याची पापनी हालायचीच.

गेल्या साली त्यो आजारी पडला. खाटंवरनं उठना. मी पेज पाजत हुते. येकायेकी माझ्या हातावरच्या डागावर बोट ठिऊन म्हनला, "झुंबर, येकदा अहो म्हन की. पयल्यासारखं."

मी चमचा वाटीत ठिवला. म्हनलं, "म्हनते. आधी तू सांग, शिट्टीत शेंदूर कुनी भरला?"

घरात आमी दोघंच. सासू गेल्ती, सहादेव गेल्ता, सूर्यभानबी गेल्ता. ऐकायला भिंतीवरची पालसुदिक न्हवती. मी वाट बगितली. आसली वाट मी त्या पारावरबी बगितली न्हवती. त्येचे व्हट हालले. मंग त्येनं हळूच भिंतीकडं तोंड फिरवलं.

मी पेज निवंस्तवर बसून ऱ्हायले. मंग चमचा उचलला.

"कानिफनाथ," म्हनलं, "तोंड उघड. पेज घे."